नायकत्वाचा प्रश्न : मुंबईचे चौरंगी सामने आणि खिलाडूवृत्तीची कसोटी (१९०६–१९२३)

१

इंग्रजी सत्तेबरोबर जे खेळ हिंदुस्थानात आले, त्यांपैकी क्रिकेटने आपल्याबरोबर एक लहानसे नीतिशास्त्रही आणले. पंचाचा निर्णय प्रतिकूल असला तरी तो मुकाट्याने मानावा, विजयाने उन्मत्त होऊ नये, पराजयाने खचू नये आणि प्रतिपक्षाच्या गुणाचे मोकळ्या मनाने कौतुक करावे, ही त्या नीतिशास्त्राची मुख्य सूत्रे होत. मराठीत या गुणसमुच्चयाला खिलाडूवृत्ती हा शब्द रूढ झाला. तो मैदानापुरता राहिला नाही. निवडणुकीत हरलेल्या उमेदवारापासून बढतीत डावलल्या गेलेल्या कारकुनापर्यंत सर्वांना खिलाडूवृत्तीचा उपदेश केला जातो. परंतु हा उपदेश कोणी कोणाला करावयाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुंबई इलाख्यातील क्रिकेटच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर देणारे एक प्रकरण आहे. पालवणकर बंधूंना हिंदू संघाचे नायकत्व नाकारले गेले व अखेर १९२३ साली ते एका बंधूस मिळाले, ते हे प्रकरण होय.

हे सामने मुंबईच्या मैदानावर झाले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथेच राहिला. त्यामुळे या हकिकतीशी औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, प्रत्यक्ष संबंध येत नाही. तथापि ज्यांनी १९५० साली या नगरीत महाविद्यालय काढून मराठवाड्यातील उपेक्षित वर्गाला उच्च शिक्षणाचे द्वार उघडून दिले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात पालवणकर बाळू हे नाव दोनदा येते : प्रथम गौरवाचा विषय म्हणून आणि पुढे राजकीय प्रतिस्पर्धी म्हणून. या दोन प्रसंगांमध्ये जे घडले ते समजल्यावाचून दुसऱ्या प्रसंगाचा अर्थ लागत नाही. म्हणून या प्रकरणाचा विचार येथील अभ्यासकांनी करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले, चांभार जातीचे. बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले आणि तेथे बाळूंना क्रिकेटचा प्रथम परिचय झाला, तो खेळाडू म्हणून झाला नाही. मैदानावरचा नोकर म्हणून झाला. पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर रुजू झाले. जाळी लावणे, रूळ फिरविणे, आखणी करणे ही त्यांची कामे. सरावासाठी गोलंदाज हवा असे, म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित युरोपियन फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. या सरावातून डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीची कला बाळूंनी आत्मसात केली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पूना क्लबात बाळूंनी असंख्य चेंडू टाकले. पण फलंदाजी करण्याची संधी त्यांना तेथे एकदाही मिळाली नाही. गोलंदाजी ही कष्टाची बाब मानली जाई आणि फलंदाजी ही साहेबाच्या करमणुकीची. इंग्लंडातही धंदेवाईक खेळाडूंकडे गोलंदाजीचा भार आणि हौशी सद्‌गृहस्थांकडे फलंदाजीचा डौल, अशीच सर्वसाधारण विभागणी होती. श्रमाचा अधिकार एकाला आणि शोभेचा अधिकार दुसऱ्याला, ही व्यवस्था हिंदुस्थानात येताच तिला जातिव्यवस्थेची आयती बैठक मिळाली.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांशी सामना देण्याची आकांक्षा होती आणि बाळूंसारखा गोलंदाज हाताशी असता त्याला वगळणे परवडणारे नव्हते. त्यांना घ्यावे की न घ्यावे यावर सभासदांत बराच वाद झाला. अखेर त्यांना घेण्यात आले, परंतु ज्या अटींवर घेण्यात आले त्या बोलक्या आहेत. मैदानावर सर्वजण तोच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यातून, मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूचे वेष्टन चामड्याचे असते, आणि चामडे कमावणाऱ्या व शिवणाऱ्या हातांनाच समाजाने विटाळाचे मानले होते. तो चेंडू सोवळ्या हातांना चालत होता. त्या हातांना बाळूंचा कप चालत नव्हता. सीमारेषेच्या आत शास्त्र शिथिल होई आणि सीमारेषा ओलांडताच ते पूर्ववत कडक होई.

३

पुण्यात प्लेग आल्यानंतर बाळू मुंबईस गेले. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्यांना येऊन मिळाले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे बंधू पुढे त्याच मार्गाने आले. मुंबईत युरोपियन आणि पारशी यांचे सामने पूर्वीपासून होत असत. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांचा पहिला सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले.

या विजयाचे देशभर स्वागत झाले आणि त्यावर भाष्य करणाऱ्यांत केवळ क्रीडा-वार्ताहर नव्हते. कामाक्षी नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने बाळू आणि शिवराम यांच्या समावेशाला सामाजिक सुधारणेचा विजय मानले, पुण्याहून मुंबईपर्यंतच्या वाटेत सहभोजनाचे निर्बंध कसे सैल होत गेले याकडे वाचकांचे लक्ष वेधले, आणि असल्या कृतीने तरुण हिंदूंची मने जितकी उदार झाली तितकी इतर प्रयत्नांनी झाली नसतील, असा अभिप्राय व्यक्त केला. हा अभिप्राय प्रामाणिक होता यात शंका घेण्याचे कारण नाही. मुंबईच्या जिमखान्यात पुण्याच्या मानाने पुष्कळ मोकळेपणा होता, हेही खरे.

परंतु या भाष्याची एक मर्यादा होती. संघात प्रवेश मिळाला म्हणजे भेद संपला, असे गृहीत धरून ते लिहिले गेले होते. संघात अकरा जागा असतात. त्यांपैकी दहा आज्ञापालनाच्या आणि एक आज्ञा देण्याची. आपल्यासाठी बळी मिळविणारा अस्पृश्य गोलंदाज हिंदू समाजाला १९०६ साली मान्य झाला. त्याच्या आज्ञेने उच्चवर्णीय खेळाडूंनी आपली जागा बदलावी, हे मान्य होण्यास आणखी सतरा वर्षे लागली. भाष्यकारांचे लक्ष पहिल्या गोष्टीवर इतके खिळले की दुसरी बराच काळ त्यांच्या नजरेआड राहिली.

४

१९०७ पासून पारशी, युरोपियन व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले आणि १९१२ साली मुसलमानांच्या संघाच्या आगमनाने ते चौरंगी झाले. दरम्यान १९११ साली अखिल हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. या संघाचे नायकत्व पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. दौऱ्यातील बहुसंख्य सामन्यांस ते उपस्थित नव्हते. गोलंदाजीचा मुख्य भार बाळूंनी वाहिला आणि सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. नायकत्व कर्तृत्वाने मिळते की जन्माने, याचे उत्तर या एका दौऱ्यातच मिळाले होते. परत आल्यावर बाळूंचा मुंबईत सत्कार झाला. त्यांच्या गौरवाच्या कार्यात तरुण भीमराव आंबेडकर सहभागी होते, असे आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. अस्पृश्य वर्गातील तरुणांना बाळूंच्या रूपाने सर्वमान्य असा पहिला कीर्तिमान पुरुष लाभला होता.

हिंदू संघाचे नायकत्व मात्र इतरांकडेच जात राहिले. याविषयी संघातच अस्वस्थता होती. १९१३ साली नायक झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की, ज्येष्ठतेच्या व अनुभवाच्या दृष्टीने हा मान बाळूंना मिळावयास हवा होता. पै हे ब्राह्मण होते. त्यांचे हे उद्‌गार खिलाडूवृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणून सांगता येतील. पण त्याच उद्‌गारांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या निवड समितीने पैंना नेमले, तिने या कबुलीनंतरही आपला निर्णय बदलला नाही. व्यक्तीचे औदार्य आणि संस्थेचा अन्याय शेजारी शेजारी नांदू शकतात, किंबहुना पहिल्यामुळे दुसरा सुसह्य होतो. औदार्याचे भाषण ऐकून सभा संतुष्ट होते आणि प्रश्न पुढच्या वर्षावर जातो.

५

१९२० साली हा प्रश्न अधिक काळ पुढे ढकलणे अशक्य झाले. त्या वर्षाचे वातावरण वेगळे होते. जानेवारीच्या अखेरीस आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले; मार्चमध्ये माणगाव येथे परिषद भरली; अस्पृश्यता हा हिंदुधर्मावरील कलंक आहे हे गांधीजींचे प्रतिपादन सर्वत्र ऐकू येत होते. अशा वेळी चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघाची निवड झाली तेव्हा बाळूंना वगळण्यात आले. नायक पै हे मुसलमानांविरुद्धच्या सामन्यास उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी विठ्ठल यांची नेमणूक होईल अशी अपेक्षा होती. विठ्ठल हे त्या काळी संघातील अग्रगण्य फलंदाजांपैकी एक होते. समितीने नायकत्व पुण्याचे दि. ब. देवधर यांना दिले.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका वृत्तपत्रांतून जाहीर केली. आपल्याला डावलण्याच्या मुळाशी जात आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. वृत्तपत्रांतून उलटसुलट पत्रव्यवहार झाला. अखेर तडजोड निघाली. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी पै नायक म्हणून परतले, दोघे बंधू संघात आले आणि वगळलेले बाळू उपनायक म्हणून आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले.

समितीच्या बाजूने तीन कारणे मांडता येण्याजोगी आहेत आणि इतिहासलेखकाने त्यांचा विचार केला पाहिजे. पहिले कारण वयाचे. बाळू त्या वर्षी चव्वेचाळीस वर्षांचे होते. परंतु हे कारण विठ्ठल यांना लागू पडत नाही. शिवाय एका सामन्यास जे वयाने अपात्र, ते लगेच पुढच्या सामन्यास उपनायक कसे झाले, याचा उलगडा वयाने होत नाही. दुसरे कारण शिक्षणाचे व सामाजिक प्रतिष्ठेचे. देवधर सुशिक्षित होते आणि नायकाला अधिकाऱ्यांच्या व गव्हर्नरांच्या भेटीगाठी घ्याव्या लागत. पण १९२३ साली विठ्ठल नायक झाले तेव्हा त्यांचे शिक्षण १९२० पेक्षा वाढलेले नव्हते. बदलले होते ते समितीवरचे दडपण. तिसरे कारण गुणवत्तेचे. देवधर हे थोर फलंदाज होते, हे निर्विवाद आहे. १९२६ साली एम. सी. सी. विरुद्ध त्यांनी काढलेल्या १४८ धावा आणि पुढे महाराष्ट्राला १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून देणारे त्यांचे नेतृत्व हे त्याचे पुरावे होत. परंतु हे पुरावे १९२० नंतरचे आहेत. निवडीच्या दिवशी समितीसमोर जी कामगिरी होती, तीत विठ्ठल यांचा अधिकार मोठा होता. देवधरांना व्यक्तिशः दोष देण्याचे कारण नाही. निवड त्यांनी केली नव्हती.

आता खिलाडूवृत्तीच्या रूढ कल्पनेने या प्रसंगाकडे पाहिले तर काय दिसते? संघाचा सामना तोंडावर असता माघार घेणे, निवड समितीचा निर्णय न मानणे, घरातील भांडण वृत्तपत्रांत नेणे, या तिन्ही गोष्टी रूढ संकेताप्रमाणे अखिलाडू ठरतात. बाळूंनी हा संकेत वर्षानुवर्षे पाळला होता. त्यांनी बाहेर बसून चहा घेतला, इतरांच्या आज्ञेत गोलंदाजी केली आणि कौतुकाची भाषणे ऐकली. त्या संयमाचे फळ म्हणून त्यांना नायकत्व मिळाले नाही. धाकट्या भावांनी संकेत मोडला आणि त्यानंतरच्या सामन्यात वडील भाऊ उपनायक झाला. निर्णय न्याय्य आहे असे गृहीत धरता येते तेव्हाच तो मुकाट्याने मानणे हा सद्‌गुण असतो. पंच तटस्थ असतो म्हणून त्याचा निर्णय मानावयाचा. निवड समिती जर एका पक्षाची असेल, तर तिच्यासमोर मौन पाळणे हे केवळ त्या पक्षाला सोयीचे असते. या दृष्टीने पाहता, समान गुणांना समान संधी हे खेळाचे मूळ तत्त्व १९२० च्या त्या आठवड्यात ज्यांनी खरोखर पाळले, ते मैदानावर न उतरलेले दोघे खेळाडू होत.

६

१९२३ साली विठ्ठल यांची हिंदू संघाचे नायक म्हणून नेमणूक झाली आणि त्या वर्षी संघाने चौरंगी सामन्यांत विजेतेपद मिळविले. १९२६ पर्यंत नायकत्व त्यांच्याकडे राहिले. आज्ञा देणारा चांभार आणि ती पाळणारे ब्राह्मण, या कल्पनेने समितीला जी धास्ती वाटत होती, ती मैदानावर निराधार ठरली. खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळले आणि जिंकले. यावरून असेही दिसते की, अडथळा बहुतांशी खेळाडूंच्या मनात नव्हता. तो समितीच्या खोलीत होता. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. जिमखान्यांच्या इतिवृत्तांतून जे कळत नाही, ते डावलल्या गेलेल्या खेळाडूच्या बाजूने सांगणारे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

हा प्रकार केवळ हिंदू समाजाचा दोष म्हणून सांगणे मात्र योग्य होणार नाही. ज्या युरोपियनांनी हा खेळ न्यायबुद्धीची शाळा म्हणून आणला, त्यांच्या १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई जिमखान्यात हिंदी मनुष्याला सभासद होता येत नव्हते. त्यांच्या पोलोच्या घोड्यांनी उखडलेल्या मैदानावर खेळावे लागणाऱ्या हिंदी खेळाडूंना वर्षानुवर्षे सरकारकडे अर्ज करावे लागले. त्या लढ्याची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली लिहून ठेवली आहे. इंग्लंडात हौशी आणि धंदेवाईक यांच्यातील औपचारिक भेद १९६२ पर्यंत टिकला, आणि लेन हटन हा धंदेवाईक खेळाडू राष्ट्रीय संघाचा नायक झाला तो १९५२ साली. वेस्ट इंडीजच्या संघात काळ्या खेळाडूंची गुणवत्ता कित्येक वर्षे सर्वमान्य होती; तरी संपूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा नायक म्हणून फ्रँक वॉरेल यांची निवड १९६० साली झाली, आणि त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांना आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवावी लागली. या तिन्ही ठिकाणी क्रम एकच आहे : प्रथम श्रमाला प्रवेश, नंतर गुणांचे कौतुक आणि सर्वांत शेवटी अधिकार. जेम्स यांचे वैशिष्ट्य हे की, भाष्यकार म्हणून त्यांनी दुसऱ्या टप्प्यावर समाधान मानले नाही.

७

बाळूंच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग येथे नोंदविणे अवश्य आहे. १९३५ साली येवले येथे आंबेडकरांनी हिंदुधर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. बाळूंना तो मार्ग मान्य नव्हता. हिंदू समाजात राहूनच सुधारणा व्हावी असे त्यांचे मत होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ही लढत म्हणजे निष्ठावान आणि बंडखोर यांची लढत, असे सोपे चित्र रंगविण्याचा मोह होतो. वस्तुतः दोघांचे अनुभव भिन्न होते. बाळूंनी आपल्या डोळ्यांदेखत दारे हळूहळू उघडताना पाहिली होती आणि अखेर धाकट्या भावाला नायक झालेला पाहिले होते. आंबेडकरांनी त्याच घटनाक्रमात विलंबाची किंमत पाहिली. संथ प्रगतीचा हिशेब मांडताना ती कोणाच्या आयुष्याच्या मोलाने झाली हे विचारावे लागते, आणि बाळूंचे स्वतःचे नायकत्व त्या हिशेबात कायमचे बुडाले. १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील अभ्यासकाला हा विलंबाचा प्रश्न अपरिचित नाही. येथील विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्या सोळा वर्षांत आंबेडकरांच्या विद्वत्तेविषयी आदर व्यक्त करणाऱ्यांची वाण नव्हती. अडचण होती ती मानाचे स्थान देण्याची. दोन प्रसंगांची तुलना फार ताणता येणार नाही, कारण एकात एक क्रीडासंस्था होती आणि दुसऱ्यात सबंध प्रदेश होरपळला. परंतु आदराचे शब्द आणि अधिकाराचे स्थान या दोहोंमधील अंतर मोजण्याची आवश्यकता दोन्ही प्रसंगांवरून सारखीच पटते.

या अंतराचे मोजमाप हे सामाजिक इतिहासाचे एक उपयुक्त साधन होऊ शकेल. जिल्ह्याजिल्ह्यांतील जिमखाने, शाळांचे संघ, रेल्वेचे व गिरण्यांचे संघ यांच्या जुन्या कागदपत्रांत कोण खेळले याच्या याद्या सापडतात. त्या याद्यांवरून समतेचे निष्कर्ष काढण्यापूर्वी नायक कोण होता, निवड समितीवर कोण होते आणि चहाच्या वेळी कोण कोठे बसत असे, हेही तपासून पाहिले पाहिजे. निजामी राज्यातील मराठवाड्याच्या शहरांत हा खेळ कोणत्या वर्गांत रुजला आणि त्याने तेथील भेद किती शिथिल केले, यावर स्वतंत्र संशोधन होणे इष्ट आहे.